माती बघून वाट धरा: बालाघाटच्या माळरानावर कारने एक दिवस

मराठवाड्यात वाळवंट नाही. पण मे महिन्यात पाटोदा-भूमकडचं माळरान ज्यानं पाहिलंय त्याला वाळवंटाची उणीव भासायची नाही. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतला बालाघाटचा हा पट्टा पर्जन्यछायेतला आहे. उघडं पठार, मधूनच कोसळणाऱ्या दऱ्या, पवनचक्क्या आणि लांब लांब पसरलेल्या वस्त्या असा हा मुलूख. कारने आडवाटा हिंडायला फार चांगला, फक्त त्याचे नियम वेगळे आहेत. थर वाळवंटातले व्हिडिओ बघून इथं टायरची हवा १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आणणारे लोक भेटतात. वाळूत ते बरोबर असतं. इथल्या काळ्या बेसॉल्टच्या धारदार दगडांवर मात्र ढिल्या टायरची बाजू चिरते, आणि बाजूला पडलेल्या चिरेला पंक्चर काढता येत नाही.

दुसरा फरक एकटेपणाचा. इथं चार-पाच किलोमीटरवर एखादी वाडी, तांडा किंवा शेतवस्ती बहुधा असतेच, त्यामुळे हरवून जीव धोक्यात येण्याची भीती कमी. गाडी अडते ती मातीमुळे, आणि मोबाइलमधल्या रेघेवर नको तेवढा विश्वास टाकल्यामुळे. म्हणून अंतर किंवा ठिकाणं ठरवण्याआधी वाटेवर कुठली माती लागणार हे ठरवायचं.

माती ओळखणं

माळावरचा तांबूस-करडा मुरूम हा आपला मित्र. पाणी झिरपून जातं, पावसानंतर एखाद्या दिवसात वाट चालण्याजोगी होते. उघडा खडक खडबडीत असला तरी तिथं गाडी रुतत नाही. काळी माती मात्र कोरडी असताना दगडासारखी आणि ओली झाली की साबणासारखी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दहा-पंधरा मिनिटांची चांगली सर आली तरी ती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग मडगार्डच्या आत थर साचत जातो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. इथं फोर व्हील ड्राइव्हचाही फार उपयोग नाही, कारण चारही चाकं सारखीच घसरतात.

जमिनीचा साधा ठोकताळा असा: पठाराचा माथा आणि उतार मुरमाड, नदी-ओढ्याकाठचा सखल भाग काळा. पिकावरूनही कळतं. जिथं ऊस, कापूस, हरभरा जोमात दिसतो तिथं माती भारी. जिथं कुसळी गवत, तरवड आणि शेळ्या, तिथं हलकी. नवख्यानं पहिल्या वेळी माथ्यावरच राहावं.

दिवस कुठला

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरात डोंगर हिरवा असतो, बीडची सीताफळंही तेव्हाच, पण काळ्या मातीच्या वाटा वरून कोरड्या आणि आत ओल्या असतात. गाडीच्या वजनानं पापुद्रा फुटतो आणि चाक खाली जातं. मार्चमध्ये सकाळी अकराच्या आत फिरून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पहिल्यांदाच निघणाऱ्यानं हा बेत करू नये. जून ते सप्टेंबर फक्त डांबरी रस्ते.

निघायच्या आधीच्या तीन दिवसांत त्या तालुक्यात पाऊस झाला असेल तर काळ्या मातीचा तुकडा सरळ काढून टाका. अवकाळी पाऊस एका गावात कोसळतो आणि शेजारच्या गावात धूळ उडत असते. त्यामुळे जिल्ह्याच्या अंदाजापेक्षा फाट्यावरच्या हॉटेलात विचारलेलं जास्त खरं.

रस्त्याचा सांगाडा

आधी पक्क्या रस्त्यांचा एक वेढा आखा आणि त्यात आडवाटेचे फक्त दोन-तीन तुकडे बसवा. तुकडा ८ ते १५ किलोमीटरचा असावा आणि दोन्ही टोकांना डांबरी रस्ता असावा. म्हणजे कुठंही अडलात तरी जवळचा डांबरी रस्ता वाटेनं जास्तीत जास्त सात-आठ किलोमीटरवर असतो. आडवाटेवर सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरा. फोटो, चहा, फाटक उघडणं, रस्ता विचारणं धरून तो १५ वर येतो. दिवसभरात ४० किलोमीटर आडवाट पुरे.

सोपी फेरी हवी असेल तर बीडहून धुळे-सोलापूर महामार्गानं मांजरसुंबा, तिथून कपिलधार (मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा), मग पाटोद्यावरून सौताडा. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. नोव्हेंबरनंतर धबधब्याची धार बारीक होत जाते, दरी मात्र तेवढीच भव्य. परत त्याच रस्त्यानं. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य याच बाजूला आहे. त्याच्या हद्दीत आडवाट शोधायची नाही. तिथं गाडी कुठपर्यंत न्यायची हे वन विभागाच्या माणसाला विचारायचं.

मोठ्या फेरीत सौताड्यावरून जामखेडमार्गे खर्डा गाठता येतो. तेवढा भाग अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो. मराठे आणि निजाम यांची १७९५ ची लढाई इथलीच, आणि किल्ल्याची तटबंदी अजून चांगली उभी आहे. पुढे भूम, कुंथलगिरीचं जैन तीर्थक्षेत्र, आणि सरमकुंडी फाट्यावर पुन्हा महामार्ग. ही फेरी नुसत्या डांबरी रस्त्यानंच दोनशे किलोमीटरच्या वर जाते. त्यामुळे तिच्यात आडवाटेचा एकच तुकडा बसतो. दोन बसवायला गेलात तर दुसरा अंधारात होतो.

नकाशा आणि त्याचे चकवे

गूगल मॅप्सवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या. दऱ्यांमध्ये आणि घाटाच्या पोटाशी रेंज जाते. त्याबरोबर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मोबाइलमध्ये ठेवा. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) असतात, आणि त्या एकमेकींना चिकटल्या असतील तर वाट कड्यावरून उतरते आहे हे घरबसल्या कळतं. त्यानंतर उपग्रह चित्रावर प्रत्येक तुकडा बोट ठेवून टोकापर्यंत बघायचा. तीन चकवे हटकून भेटतात.

पहिला चकवा पवनचक्क्यांचा. कंपन्यांनी पाती वाहून न्यायला रुंद, सरळ मुरमाचे रस्ते केलेत. चित्रात ते गावच्या रस्त्यापेक्षा देखणे दिसतात, आणि जाऊन बघावं तर पवनचक्कीच्या पायथ्याशी संपतात. अशा रस्त्याला ठरावीक अंतरावर फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक चौकोनी मोकळी जागा असते. एवढं दिसलं की समजायचं. बऱ्याच ठिकाणी राखणदारही असतो.

दुसरा चकवा पाझर तलावांचा. उपग्रह चित्र उन्हाळ्यातलं असेल तर कोरड्या तलावाच्या पोटातून गेलेली गाडीवाट स्पष्ट दिसते. नोव्हेंबरात तिच्यावर पुरुषभर पाणी असतं. वाटेच्या एका अंगाला लांब, किंचित वाकडी भिंत दिसली की तो बांध आहे आणि तुम्ही तलावाच्या पोटात आहात.

तिसरा साधा: वाट शेतात जाऊन संपते. नकाशाला बैलगाडीची चाकोरी आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. जी वाट दोन गावांना जोडते आणि जिच्यावर निदान एक वस्ती आहे तीच घ्या.

प्रत्यक्षात दगडही बोलतात. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. केशरी माथ्याचा दगड दिसला की पुढे कुठलं तरी गाव नक्की आहे.

विचारायचं कसं

"ही वाट अमुक गावाला जाते का?" असं विचारलं की उत्तर "जाती की" असंच येतं. सांगणारा खोटं बोलत नाही. तो पायी जातो, मोटारसायकलनं जातो किंवा ट्रॅक्टरनं जातो, आणि त्याच्या दृष्टीनं वाट जातेच. प्रश्न बदला. "काका, इकडून पिकअप येती का? दुधाची गाडी रोज जाती का?" पिकअप जात असेल तर तुमची गाडी बहुतेक जाईल. "ट्रॅक्टर जातो" एवढंच उत्तर आलं तर परत फिरा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकानं पाडलेल्या चाकोरीत कारचं पोट टेकतं. मधे ओढा आहे का, त्यावर फरशी आहे का, हेही विचारून घ्या. आणि एकालाच विचारून भागत नाही. पुढच्या वस्तीवर पुन्हा विचारायचं.

गाडी

फोर बाय फोर लागत नाही. जमिनीपासून १८० मिलिमीटर किंवा जास्त उंची असलेली गाडी आरामात फिरते. १६५-१७० ची हॅचबॅकही चालते, पण तीनच माणसं बसवा. पाच माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू तीन-चार बोटं खाली बसते आणि तेवढीच उंची कमी होते. सीएनजी टाकीच्या गाडीचं मागचं वजन आधीच वाढलेलं असतं, हेही धरून चाला. टाकी पूर्ण भरून निघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज सहज तिसऱ्या हिश्शानं पडतं.

आदल्या दिवशी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि काच धुण्याचं पाणी बघा. स्टेपनीतली हवा मोजाच, कारण वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. जॅक स्वतः एकदा लावून बघा आणि चाकाचे नट पान्यानं सुटतात का तेही. टायरवाल्यानं मशीननं आवळलेले नट हातानं सुटत नाहीत, आणि हे माळावर कळून उपयोग नाही.

टायरची हवा सकाळी टायर थंड असताना मोजा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असेल त्यापेक्षा मुरमाच्या वाटेवर ३-४ पीएसआय कमी पुरे, म्हणजे ३३ चे ३० किंवा २९. डांबरीवर परत आल्यावर पंपानं भरून घ्यायची. पंप नसेल तर हवेला हातच लावू नका.

सामान असं घ्या:

- १२ व्होल्टचा हवेचा पंप, हवामापक, ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि त्याच्या निदान पाच पट्ट्या
- जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद, इंचभर जाडीची फळी. मऊ जमिनीत नुसता जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही
- टोईंगचा पट्टा आणि गाडीबरोबर आलेला हुक. हा हुक बहुधा स्टेपनीजवळ असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आटे फिरवून बसवतात. घरीच एकदा बसवून बघा
- खोरं किंवा घडीचं फावडं, कोयता, जाड हातमोजे, टॉर्च
- माणशी ५ लिटर पिण्याचं पाणी आणि वेगळा १० लिटरचा कॅन, गाडीसाठी आणि हात धुवायला
- प्रथमोपचार पेटी, ओआरएस, टोप्या, सुटे पैसे

जेवणाला धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दिवसभर टिकतात आणि चुलीची भानगड नाही. वाळल्या गवतात चूल पेटवायची नसतेच.

वाटेवर

सकाळी उजाडताना निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून दुपारी तीननंतर नवी आडवाट धरायची नाही आणि पाचला डांबरीवर असायचं. अंधाराची भीती चोरांची नाही, विहिरींची आहे. शेताच्या कडेला, कधी वाटेला अगदी खेटून, बिनकठड्याच्या विहिरी आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी असतात. गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा राहिलाच पाहिजे, दिवसाही.

चाकोरी खोल असेल तर चाकं तिच्यात टाकू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवा, पोट वर राहतं. दगड चुकवता येत नसेल तर तो चाकाखाली घ्या, दोन चाकांच्या मध्ये नको. मध्ये ऑइलचं चेंबर असतं. खालून ठोका बसल्याचा आवाज आला तर लगेच थांबून गाडीखाली बघा. तेलाचा ताजा ठिपका दिसला किंवा डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद. "फाट्यापर्यंत जाऊ" म्हणून नेलेल्या गाडीचं इंजिन जाम होतं.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणी लहान कार उचलू शकतं. आभाळ निरभ्र असतानाही वर कुठं पाऊस पडला किंवा तलावातून पाणी सोडलं तर ओढ्याला पाणी येतं. पाणी घोट्याएवढं आणि स्थिर असेल तर आधी काठी घेऊन माणसानं चालत जावं, मग गाडी.

काट्यांचं वेगळं शास्त्र आहे. शेतकरी बांधावर बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या फांद्या लावतात, वाऱ्यानं त्या वाटेवर येतात. काटा टायरमध्ये घुसून आत मोडतो आणि हवा हळूहळू जाते. दिसला म्हणून तिथंच उपटू नका, कारण काही वेळ तोच बूच म्हणून काम करतो. हवा मोजा, भरा, डांबरीवर या आणि मग काढून पट्टी घाला.

कुसळी गवत वाळलं की त्याच्या कुसळांचे झुपके रेडिएटरच्या जाळीत बसतात. तापमानाचा काटा चढायला लागला की आधी तिथं बघा. एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा (घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते) आणि सावलीत थांबा. वाफ निघत असेल तर इंजिन बंद करा आणि निदान पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आणि थांबताना वाळल्या, गुडघाभर गवतावर गाडी कधीच उभी करू नका. सायलेन्सर आणि त्याचा कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) एवढा तापलेला असतो की गवत पेटतं. पठारावर वारा असतो, पुढचं काय ते समजून घ्या.

साखर कारखाने चालू असतात त्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर भेटतात. अरुंद रस्त्यावर त्यांना मागे येता येत नाही. बाजू तुम्ही द्यायची. संध्याकाळी त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. रस्त्यावर सोयाबीन किंवा तूर वाळत घातली असेल तर ढिगावरून जाऊ नका. काड सायलेन्सरला गुंडाळलं जाऊन पेटतं, आणि ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे.

फाटक किंवा झाप्या उघडलात तर होता तसा लावून पुढे जा. रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेल्या तारेला हात लावायचा नाही, कधीकधी तिच्यात वीज सोडलेली असते.

रुतलात तर

चाक फिरवत राहू नका. तीन-चार वेळा घसरलं की थांबा, नाहीतर पोट टेकेपर्यंत खड्डा होतो. टायर आणि मडगार्डमधला गारा (चिखल) हातानं, पान्यानं खरवडून काढा. इंजिन जी चाकं फिरवतं त्यांच्या, ज्या दिशेनं बाहेर पडायचं त्या अंगाला उताराचं तोंड करून माती काढा आणि तिथं पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या), चपटे दगड दाबा. बांधावर पडलेल्या असतात, विचारून घ्या. इथं तेवढ्यापुरती हवा २० पर्यंत उतरवली तर हरकत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक घसरलं की त्याचा जोर आपोआप कमी करणारी सोय) बटण असेल तर बंद करा. बाहेर यायचं ते शक्यतो मागे, आलेल्या चाकोरीतून. पुढची जमीन आणखी वाईट नसेल कशावरून?

एवढ्यानं नाही झालं तर वस्तीवर जाऊन ट्रॅक्टर आणा. पट्टा हुकातच अडकवायचा. बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधला तर ते उपटून येतं. ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगा, "दादा, झटका देऊ नका, हळू ओढा." पट्टा ताणलेला असताना आजूबाजूला कोणी उभं राहू नये. डिझेलचे आणि वेळेचे पैसे न मागता द्या.

माणसाला काही झालं तर १०८ वर रुग्णवाहिका, इतर संकटात ११२. रेंज नसेल तर दरीतून माथ्यावर चढा. माळावर दगड उचलताना आणि रात्री लघवीला जाताना टॉर्च हवीच, कारण फुरसं आणि घोणस याच जमिनीत राहतात. साप चावला तर चिरा मारणं, करकचून बांधणं काही नको. माणसाला झोपवून ठेवा, चावलेला भाग हलवू देऊ नका आणि थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाकडे रस्त्याचा फोटो आणि "सात वाजेपर्यंत फोन नाही आला तर" काय करायचं हे सांगून ठेवलेलं असावं.

परतल्यावर

टायरची हवा पूर्ववत करा. महामार्गावर ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरलं तर घाबरू नका. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेला वाळला गारा त्याला बहुतेक वेळा कारण असतो. पाण्याच्या फवाऱ्यानं तो काढा, मडगार्डची आतली बाजूही. रेडिएटरच्या जाळीतली कुसळं आतून बाहेरच्या दिशेनं झटका. टायरवर हात फिरवून काटे शोधा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हवा मोजा. रात्रीत ३-४ पीएसआय उतरलेला टायर म्हणजे आत काटा आहेच. एअर फिल्टर काढून हलकेच आपटून धूळ झाडा. कागदी असेल तर धुवायचा नाही. माळावर दिवसभर दुसऱ्या गाडीच्या धुळीत चालला असाल तर सरळ नवा टाका.